बैलाला वाट ठाऊक असते, पण...

‘अरे, मग उद्या दारू तपासायला बैलगाडीवाल्यालाही यंत्रात फुंकायला लावाल!’ पुण्यातला माझा मावसभाऊ फोनवर चिडून म्हणाला. मी त्याला इथल्या, जर्मनीतल्या म्युन्स्टरमधल्या, एका सहकाऱ्याची हकीकत सांगत होतो. नाताळच्या बाजारात ग्लूवाइन (गरम मसालेदार वाइन) जास्त झाली, सायकलवरून घरी निघाला आणि पोलिसांनी अडवलं. रक्तात अल्कोहोल हजारी १.६ च्या वर, म्हणजे रक्ताच्या हजार भागांत १.६ भागांहून जास्त. दंड झालाच, शिवाय कारचं लायसन टिकवायला वैद्यकीय-मानसिक तपासणीला बसावं लागलं. कार तर घरी उभी होती. मलाही तेव्हा हे अति वाटलं होतं.

आता वाटत नाही. जर्मन दंडसंहितेच्या ३१६ व्या कलमात नुसतं ‘वाहन’ म्हटलंय, इंजिनाची अट नाही. कारचालकाला हजारी १.१, सायकलस्वाराला १.६ ही न्यायालयांनी ठरवलेली रेघ. तिच्यापुढे तोल गेला की नाही हे बघतच नाहीत. २०१४ मध्ये ओल्डेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने घोडागाडीवाल्याला कारचीच १.१ ची मर्यादा लावली. घोडा बुजला तर लगाम धरणाऱ्याला क्षणात सावरावं लागतं. हे मला पटतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम कागदावर जर्मनीपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या, म्हणजे साधारण हजारी ०.३ च्या, वर गुन्हा. पण तो फक्त मोटार वाहनांना. बैलगाडी, टांगा, घोडेस्वार यांना भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम लागू शकतं, कारण त्यात वाहन हाकण्याबरोबर स्वारी करणंही येतं. मात्र आधी बेदरकारपणा किंवा हयगय होऊन कुणाचा तरी जीव धोक्यात यायला किंवा इजा होण्याची शक्यता तरी असायला हवी.

भावाचा राग मला कळतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला आलिशान कारखाली दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन आरोपीला जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तिथे आधी कायदा चालवा, मग गरिबाकडे बघा, असं तो म्हणतो. क्रम मला मान्य आहे. पण मी सांगली भागातला. उसाच्या हंगामात रात्री गाड्यांची रांग लागायची, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि एखादा गाडीवान पिऊन वाढ्यांवर, उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, आडवा झालेला. ‘बैलाला वाट ठाऊक असते,’ म्हणायचे. कारखान्याची वाट ठाऊक असते हो, पण मागून येणारा ट्रक त्याला कसा कळणार? आणि गाडीला धडक बसली की पाय मोडतो तो बैलाचाही.

गाडीवानाला तुरुंग नको, ज्याची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटता फिटत नाही त्याला दहा हजारांचा दंडही नको. गाडी बाजूला घ्यावी, चाकाला दगड लावावा, जू उतरवून बैलांना पाणी दाखवावं आणि सकाळपर्यंत जुंपू देऊ नये. कारखान्याने त्याची खेप मात्र बुडवू नये.