मोठ्या आकड्यांचा भागाकार अजिबात करू नका

पहिली गोष्ट, टीव्हीवर लाख कोटी असं काही ऐकू आलं की दचकायचं नाही. रस्सा भुरकत नुसतं "लई झाले की" म्हणायचं आणि पुढचा घास घ्यायचा. हजार कोटीला तेच, दहा हजार कोटीला पण तेच. शून्यं मोजत बसलात तर रस्सा गार होतो, आणि गार पांढरा रस्सा म्हणजे काय ते कोल्हापुरात सांगायला नको.

डोकं राखून ठेवायचं ते कपिलतीर्थ मंडईसाठी. 20 ची कोथिंबिरीची पेंडी 15 ला मागायची, नाही म्हणाली मावशी तर दोन पावलं पुढं जायचं, परत यायचं, पाच रुपयांसाठी पंधरा मिनिटं घालवायची. याला म्हणतात हिशेबी माणूस.

सेकंदांचा हिशेब तर मुळीच करू नका, आमच्या एका मित्रानं केला. सेकंदाला एक रुपया मोजायचा, झोप नाही जेवण नाही, तर लाख रुपयांना 28 तास लागतात, आज सकाळी बसलात तर उद्या दुपारी उठाल. कोटीला 116 दिवस, म्हणजे मृग लागताना बसला तो दसऱ्याच्या आसपास सुटला. आणि लाख कोटीला? 31 हजार 688 वर्षं. इथं आल्यावर गड्यानं मोबाईल पालथा घातला आणि चहा सांगितला.

पाण्याचं तेवढं आपल्याला कळतं बरं का. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ, 2019 ला 55 च्या वर गेलं तेव्हा तर इंचाइंचाला फोन चालले होते. पण टीएमसी म्हटलं की फक्त मान हलवायची. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, लिटरमध्ये 2,831 कोटी, आणि राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं, तेवढ्यातनं एक टीएमसी जायला आठ दिवस जातात. हे डोक्यात बसलं तर जुलैत झोप लागायची नाही. त्यापेक्षा "दरवाजा उघडला" एवढंच फॉरवर्ड करा आणि पूर बघायला गाडी काढा.

सगळ्यात वाईट खोड भागाकाराची. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 24 लाख. कुठलाही 5 हजार कोटीचा घोटाळा घ्या आणि भागा, माणशी 445 रुपये येतात. म्हणजे एक मटण थाळी. बघा, आत्तापर्यंत किती शांत होता तुम्ही! घरात पाच माणसं असतील तर पाच ताटं गेली, त्यात आजीचं पण आलं आणि परवा जन्मलेल्या बाळाचं पण. कोट्यवधी खाल्ले म्हटल्यावर इथं कुणी चप्पल घालत नाही, पण आमचं ताट कुणी उचललं असं एकदा का पेठेत कुणी विचारलं की संपलं, आंदोलन करून शहरातला टोल घालवणारी माणसं आहेत ही.

लाख कोटीला माणशी वीस थाळ्या बसतात. पण हे मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका.