अंदाजाने सुटे भाग बदलण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत

गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीचा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर बिघडला. इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, कुठे आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा तो एका बोल्टवर बसलेला, अंगठ्याएवढा भाग आहे. दहाचा पाना लावून बोल्ट काढायचा, कपलर म्हणजे वायरींचा जोड सोडवायचा, जुना सेन्सर किंचित फिरवून ओढायचा, नव्याच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कड्याला, इंजिन ऑइलचे बोट लावून तो जागेवर दाबायचा, एवढेच काम, आणि माझ्या गाडीत तो इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, टोकाला समोरच दिसत असल्यामुळे त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. या दहा मिनिटांच्या कामासाठी मला पाच आठवडे हिंडवले गेले आणि बारा हजार साडेपाचशे रुपये निव्वळ वाया गेले. आजही ते आठवले की माझा संताप आवरत नाही.

जळगावहून धुळ्याला मामांकडे निघालो होतो, सोबत एकाहत्तर वर्षांची आई होती. पारोळ्याला चहासाठी गाडी बंद केली आणि पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ जोरात फिरे, पण इंजिन काही केल्या पकडेना. दुपारचे दोन वाजले होते, खानदेशातले मे महिन्याचे ऊन होते, आणि महामार्गावरून ट्रकमागून ट्रक गरम धुरळा उडवत जात होते. आईला टपरीच्या पत्र्याखाली बसवून तिच्या डोक्यावर ओला पंचा ठेवावा लागला. पाऊण तासाने तीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. गाडी तापलेली असताना बंद केली की सुरू होत नाही, थंड झाली की काही घडलेच नाही अशी चालते, हे लक्षण मी त्यानंतर प्रत्येक ठिकाणी याच शब्दांत सांगितले. एकानेही ते पूर्ण ऐकून घेतले नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्यापूर्वीच "साहेब, बॅटरी गेली" असे जाहीर केले. सेल्फ दमदार फिरतो आहे, बॅटरी कमजोर असती तर तो असा फिरला असता का, हे मी विचारले. त्यावर "तुम्ही टेन्शन घेऊ नका" हे उत्तर मिळाले आणि सहा हजार दोनशेची नवी बॅटरी बसली. आठव्या दिवशी एरंडोलला गाडी पुन्हा तशीच उभी राहिली. या वेळी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवाही लागला होता.

मग मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो, आणि माझा सर्वांत जास्त राग तिथल्या माणसांवर आहे, कारण त्यांच्याकडे स्कॅनर होता, प्रशिक्षण होते आणि वातानुकूलित प्रतीक्षालयही होते. स्कॅनरवर पी०३४० हा कोड आला. या कोडचा अर्थ कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढाच होतो. सेन्सर, त्याच्या वायरी, कपलर, यांपैकी दोष कुठे आहे ते मोजून शोधायचे असते. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, किती फेऱ्यांवर होते, हेही गाडीचा संगणक जपून ठेवतो. माझ्या तक्रारीचा तोच पुरावा होता. त्यांनी तो पुसून टाकला, गाडी रात्रभर शेडमध्ये ठेवली, सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिले, ते अर्थातच सुरू झाले, आणि जॉब कार्डवर "दोष आढळला नाही" असे लिहून इंजेक्टर व थ्रॉटल बॉडी साफ केल्याचे पाच हजार चारशे रुपये घेतले. दोष आढळला नव्हता, तर ही सफाई कशासाठी केली, या प्रश्नाला काउंटरवरच्या मुलाकडे उत्तर नव्हते.

हा सेन्सर काय करतो, हे समजून घेतले तर माझी चीड का थांबत नाही, ते कळेल. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. पिस्टन वर आला आहे, एवढे क्रँकच्या सेन्सरवरून कळते, पण तो हवा दाबण्यासाठी वर आला आहे की धूर बाहेर टाकण्यासाठी, हे कॅमच्या सेन्सरवरून कळते. ती खूण मिळाली नाही तर कोणत्या सिलिंडरला कधी पेट्रोल द्यायचे, याचा संगणकाला पत्ता लागत नाही. काही गाड्या बराच वेळ सेल्फ मारल्यावर कशाबशा सुरू होतात, माझी होत नव्हती. शिवाय इंजिन बंद केले की त्याला थंड ठेवणारे पाणी फिरायचे थांबते, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता पहिली काही मिनिटे उलट वाढते. चहाच्या त्या पंधरा मिनिटांतच सेन्सर सर्वांत जास्त तापत होता. लक्षण इतके स्वच्छ होते, तरी रोज वीस गाड्या उघडणाऱ्या माणसांना ते ऐकायला वेळ नव्हता.

तिसऱ्या माणसाने निदान सेन्सर तरी बदलला. साडेसहाशेचा सेन्सर आणि तीनशे रुपये मजुरी. खोक्यावर कंपनीचे नाव होते, पण आतल्या सेन्सरवर भाग क्रमांक कोरलेला नव्हता. जुना सेन्सर परत मागितला तर "कचऱ्यात गेला" असे सांगण्यात आले. बिल मागितले तर "बिलाचे अठरा टक्के वेगळे" असे ऐकवले गेले. नवव्या दिवशी दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्याच माणसाने न तपासता सांगितले की आता इसीएमच, म्हणजे इंजिनाचा संगणकच, बदलावा लागेल, अडतीस हजार धरून चाला.

गाडी दुसऱ्यांदा पारोळ्यालाच अडकली, म्हणून मी वाचलो. रस्त्याच्या कडेला ट्रकचे वायरिंग करणारा, तिशीही न ओलांडलेला एक इलेक्ट्रिशियन होता. त्याने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. कपलर न काढता मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या सुया घातल्या, पहिल्या वायरीत पाच व्होल्ट येत आहेत आणि दुसरी अर्थिंग ठीक आहे हे पाहिले, मला सेल्फ मारायला सांगितले आणि तिसऱ्या वायरीवरचा आकडा हलतच नाही, हे मला दाखवले. नंतर त्याने एक फडके मडक्यातल्या पाण्यात बुडवून सेन्सरवर गुंडाळले. त्यातून वाफ निघाली. दोन मिनिटांनी आकडा शून्य आणि पाचच्या मध्ये नाचू लागला आणि इंजिनाने पकड घेतली. "भाऊ, हाऊ सेन्सर तपना का मरी जास," एवढेच तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे हा सेन्सर तापला की मरतो. वायरिंग चांगले होते, इसीएम चांगला होता, बसवलेला नवा सेन्सरच नकली होता. त्याने दोनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून. दुसऱ्या दिवशी दोन हजार दीडशेचा अस्सल सेन्सर पक्क्या बिलासह आणून मी स्वतः बसवला. त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही.

पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर, दोन सुया, एक ओले फडके. एवढ्यावर जे निदान होते, ते लाखोंची यंत्रे बाळगणाऱ्यांनी का केले नाही? मोजायला वेळ लागतो आणि भाग बदलला की पैसे मिळतात, याशिवाय मला दुसरे कारण दिसत नाही. निदान चुकले तर त्याची किंमत गाडीवाल्याने का द्यायची, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

नकली सेन्सर घेऊन मी त्या तिसऱ्या दुकानात परत गेलो. "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही" या भिंतीवरच्या पाटीकडे मालकाने बोट दाखवले. मी पैसे मागणे सोडून बिल मागितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे सांगितले आणि बिल हातात पडेपर्यंत काउंटरसमोरच्या स्टुलावर दीड तास बसून राहिलो. शेवटी त्याने साध्या वहीचा कागद फाडून त्यावर "स्पेअर पार्ट, ९५०" एवढेच लिहून शिक्का मारला. कोणता पार्ट, कोणत्या गाडीचा, यातले एक अक्षरही नाही. तो कागद आणि तो सेन्सर मी एकाच पिशवीत घालून ठेवले आहेत आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायचा अर्ज लिहायला घेतला आहे.