केनियाला निघालात? आधी चिवडा भरा

मसाई माराची टूर बुक झाली, पैसे भरले, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, त्याला सिंहाचा डीपी लागला. म्हणजे निम्मी तयारी झालीच. उरलेली निम्मी म्हणजे चिवडा. परदेशात माणूस दोनच कारणांनी दगावतो, एक उपासमार आणि दुसरं वेळेवर चहा न मिळणं, हे आपल्याकडे केव्हाच सिद्ध झालं आहे. त्यामुळे टूरवाल्यांनी पाठवलेली यादी 'सुका खाऊ' या ओळीपर्यंत वाचावी आणि फोन ठेवून द्यावा. त्याखाली लस, गोळ्या, विमा असं काहीबाही लिहिलेलं असतं. त्यांना पान भरायचं असतं, तुम्हाला बॅग.

तरी ग्रुपवर एखादी अतिउत्साही बाई विचारतेच, "यलो फीवरची लस सगळ्यांनी घेतली ना?" उत्तर देऊ नये. अंगठा दाखवावा. ही लस कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांकडे मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. वारही ठरलेले असतात, कारण एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून तुम्ही नेमके वार चुकवून जा आणि खिडकीवरच्या माणसाला "आम्ही टॅक्स भरतो" हे मोठ्या आवाजात सांगा. सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून जायचं ते निघण्याच्या आठवड्यात. महिनाभर आधी गेलात तर दंडावर टोचल्याचं कौतुक कोणाला सांगणार?

फॉर्मवर प्रश्न असतात. अंड्याची ॲलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, वय साठच्या पुढे आहे का. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, त्यामुळे साठीनंतर पहिल्यांदा घेताना डॉक्टर जरा थांबून विचार करतात. पण तुमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक निवृत्त आहेत, सगळेच विचार करत बसले तर संध्याकाळ होईल. तेव्हा सरसकट 'नाही' लिहावं. रांग भराभर पुढे सरकते.

खरा मुद्दा तर वेगळाच आहे आणि तो तुम्ही चारचौघांत ठणकावून मांडा. भारतातून थेट जाणाऱ्या माणसाकडे केनिया हे लसीचं कार्ड मागत नाही. मग घ्यायचं कशाला? मागतो तो आपलाच देश, परत येताना. कार्ड नसेल तर विमानतळावरूनच उचलून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. हा चक्क अन्याय आहे. आता, त्यामागे कारण आहे म्हणतात. पिवळ्या तापाचा विषाणू आपल्याकडे अजून आलेला नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र डेंग्यूच्या निमित्ताने आपल्या घरचाच झाला आहे. तुमच्याच बाल्कनीत, कुंडीखालच्या ताटलीत, त्याची तिसरी पिढी नांदते आहे. दूध तापून कोमट होऊन तयार आहे, फक्त विरजण यायचं बाकी आहे, आणि ते आणण्याचा मान तुम्हाला मिळू शकतो. इतकी मोठी संधी एका टोचणीसाठी घालवायची?

लस न घेताच कार्ड आणून देणारा कोणीतरी कोणाच्या तरी ओळखीत असतोच. त्याच्याकडून घ्या. डासाला कार्ड दाखवता येत नाही ही एक अडचण राहते, पण अधिकाऱ्यापुरतं भागतं, बहुधा. आणि पूर्वी कधी घाना-नायजेरियाला नोकरीला असताना लस घेतली असेल, तर तुमचं जुनं कार्ड आता आयुष्यभर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जुलै २०१६ पासून दहा वर्षांची मुदत काढून टाकली. इतकी मौल्यवान वस्तू म्हटल्यावर ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि निर्धास्त मनाने कार्डाशिवाय विमानात बसावं.

मलेरियाचं काय? मलेरिया आपल्याला नवा नाही. लहानपणी एकदा होऊन गेलाय, म्हणजे आता अंगात भिनलाय, अशी आपली समजूत आहे आणि ती जपावी. तिकडचा मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. आपल्या लहानपणीच्या कडू क्लोरोक्विनला तो कधीच जुमानेनासा झाला आहे. डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज घ्यायची आणि घरी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. घरी आल्यावर? डास तिकडे, आपण इकडे, गोळी कशाला? या तर्काला उत्तर नाही. (आहे, पण ते ऐकायला वेळ लागतो. परजीवी आधी यकृतात मुक्काम करतो आणि सवडीने रक्तात उतरतो.) त्यापेक्षा रुमालात कापूर बांधावा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. नेमक्या त्याच वेळी अर्ध्या चड्डीवर शेकोटीभोवती बसून 'हिंदी गाणी' आणि 'मराठी गाणी' असे दोन गट पाडावेत.

आता औषधांची डबी. इथे आपल्या संसाराचा खरा कस लागतो. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून एका छोट्या स्टीलच्या डबीत एकत्र कराव्यात, जागा वाचते. त्यांची ओळख अशी: सकाळची पांढरी, रात्रीची पांढरी, अर्धी करून घ्यायची पांढरी आणि ह्यांची गुलाबी. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊ नये. घेतलीच तर ती त्यांच्या हस्ताक्षरातली असावी आणि तीवर इथल्या कंपनीने ठेवलेलं नाव असावं, जे नैरोबीच्या केमिस्टने जन्मात ऐकलेलं नाही. औषधाचं मूळ नाव टाइप करून नेणारे लोक जात्याच भित्रे असतात. सगळी डबी चेक-इनच्या बॅगेत, चकलीच्या खाली. इन्सुलिनही तिथेच टाकावं. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलं की कामाचं राहत नाही, पण हँडबॅगेत लाडवांचा डबा असल्यावर दुसरा इलाज काय?

खाण्याकडे वळू या, कारण इथे आपली तयारी खरोखर पक्की असते. चिवडा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर रबरबँड, मग तिसऱ्या पिशवीत. दशम्या वेगळ्या, मेतकूट वेगळं, लोणचं पाच पिशव्यांत. केनियाने २०१७ च्या ऑगस्टपासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी घातली आहे आणि कायद्यात ४० लाख केनियन शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. आपण कशाला घाबरायचं? आपल्याकडेही २०१८ पासून बंदी आहे, तिचं काय झालं ते भाजीवाल्याला विचारा. नैरोबीच्या कस्टमवाल्याला "इट इज फॉर चिवडा" एवढं सांगितलं की पुरे.

कपडे. आफ्रिका म्हणजे उकाडा, हे भूगोल न वाचताही कळतं. नैरोबी सुमारे १७०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर आहे आणि जुलैतल्या पहाटे छप्पर उघडलेल्या गाडीत दात वाजतात, पण मफलर घेतला तर फोटोत आफ्रिका वाटत नाही. ग्रुपसाठी एकसारखे टी-शर्ट शिवायचेच असतील तर रंग गडद निळा घ्यावा. तिकडच्या चावऱ्या त्से-त्से माशीला निळा आणि काळा रंग इतका प्रिय आहे की तिला पकडायचे सापळे त्याच रंगांच्या कापडाचे करतात. पाठीवर 'चलो मसाई मारा' छापायला जागा ठेवा.

जंगलात ड्रायव्हर सांगतो, उभं राहा पण अंग बाहेर काढू नका, आवाज करू नका, खाली उतरू नका. त्याचं वागणं थोडं उद्धट वाटेल. सिंहीण झोपलेली असेल तर तिच्याकडे पाहून "शुक् शुक्" करावं. आपल्या गल्लीत मांजरं या हाकेला ओ देतात. रात्री तंबूकडे जाताना टॉर्च घेऊन पहारेकरी सोबत येतो, त्याला तिकडे 'आस्कारी' म्हणतात. नदीकाठच्या कॅम्पात पाणघोडे रात्री गवत खायला वर येतात आणि पाणी व आपण यांच्या मध्ये कोणी उभं राहिलेलं त्यांना खपत नाही. पण चहाला गरम पाणी हवं असेल तर आस्कारीची वाट किती बघायची? मोबाइलचा टॉर्च लावावा आणि थर्मास घेऊन निघावं.

विम्याचं पान टूरवाल्यांनी पाठवलं असेल. 'आधीपासूनचे आजार' या रकान्यात काही लिहिलं की हप्ता वाढतो, म्हणून पंधरा वर्षांचा मधुमेह त्या एका पानापुरता बरा करावा. मारातून कोणाला तातडीने हलवायचं झालं तर धावपट्टीवर छोटं विमान येतं. ॲमरेफ या आरोग्यसंस्थेची 'फ्लाइंग डॉक्टर्स' ही सेवा १९५७ पासूनची, तिचं ठाणं नैरोबीच्या विल्सन विमानतळावर आहे. विम्यात असं उचलून नेणं धरलेलं आहे की नाही, ते विमान आल्यावर बघता येईल. तोवर पॉलिसीचा नंबर मुलाच्या ईमेलमध्ये असतो आणि मुलगा बेंगळुरूला झोपलेला असतो.

सुखरूप परत याल. विमानतळावरून घरी पोचण्याआधी सिंहाचे एकशे चाळीस फोटो सगळ्या ग्रुपांवर गेलेले असतील. सोसायटीच्या वॉचमनला पाणघोड्याचा व्हिडिओ दाखवून झाला असेल, इस्त्रीवाल्याला मसाईंच्या उंच उड्यांचा. मग दोन-तीन आठवड्यांनी हुडहुडी भरून ताप येईल. आधी दोन दिवस काढा घ्यावा. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि त्यांनी "मधे कुठे बाहेरगावी गेला होतात का?" असं विचारलं की मान हलवून सांगावं, "छे, कुठे नाही. पावसात भिजलो असेन."