चार हजारांच्या खाली आणि सहा हजारांच्या वर

टर्बो चांगला की एनए (म्हणजे टर्बो नसलेलं, स्वतःच हवा ओढणारं इंजिन), हा वाद आपल्याकडे ज्या पद्धतीने घातला जातो ती पद्धतच मला पटत नाही. एक जण ब्रोशरमधला पॉवरचा आकडा फेकतो, दुसरा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा. तिसरा कुठल्यातरी परदेशी गाडीच्या नऊ हजार आरपीएमचा (मिनिटाला इंजिनाचे फेरे) व्हिडिओ टाकतो आणि चौथा विचारतो, "मायलेज किती देते?" रस्ता कोणता, गिअर कोणता, गाडीत माणसं किती, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

आधी सोपं गणित. साधारण एकाच बजेटातल्या दोन सेडान घेऊ. होंडा सिटी: दीड लिटर, टर्बो नाही, 6600 आरपीएमला 121 पीएस पॉवर आणि 4300 ला 145 एनएम टॉर्क. फोक्सवॅगन व्हर्टस, एक लिटर टीएसआय: 5000 च्या पुढे 115 पीएस, आणि 178 एनएम 1750 पासून 4500 पर्यंत. कागदावर सिटी सहा पीएसने पुढे. पण टॉर्कला आरपीएमने गुणा आणि 7024 ने भागा, म्हणजे त्या क्षणाला इंजिन किती पीएस देतंय ते कळतं. 1750 ला व्हर्टस 44 देते. सिटीला तिचा कमाल टॉर्क 1750 लाच मिळतो असं उदार मनाने धरलं (मिळत नाही), तरी हिशेब 36 वर थांबतो. 4300 ला सिटी 89, व्हर्टस 109. वीस पीएसचा फरक, आणि तोही अशा ठिकाणी जिथे आपण खरोखर गाडी चालवतो. सिटी पुढे निघते ती सहा हजारांच्या आसपास कुठेतरी. आता प्रामाणिकपणे सांगा, घरच्यांना घेऊन जाताना सुई सहा हजारांवर नेणारे तुमच्या ओळखीत किती आहेत? आमच्याकडे साडेतीन हजारांनाच मागच्या सीटवरून "अरे, गाडीला काय झालं?" असं येतं.

सातारा-कोल्हापूर पट्ट्यात उसाच्या हंगामात गाडी चालवली असेल त्याला हे आकड्यांशिवायही कळेल. समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, चढ, पलीकडून येणारी एसटी अजून लांब. चाळीसवर तिसऱ्या गिअरमध्ये असताना टर्बो गाडीत नुसता पाय दाबायचा. एनएमध्ये दुसरा टाकायचा, इंजिनाला ओरडू द्यायचं, आणि हे सगळं ठरवायला जो एक सेकंद लागतो त्यात फट बुजलेली असते. ओव्हरटेकच्या वेळी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जितका कमी वेळ काढाल तितकं बरं. या बाबतीत टर्बो श्रेष्ठ आहे, वाद संपला.

टर्बो करतो काय, तर सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवतो आणि तिच्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. गुऱ्हाळात रस काढून उरलेलं चिपाड चुलवाणात घालतात, तोच व्यवहार. दाबलेली हवा तापते म्हणून इंटरकूलर लागतो. एका लिटरच्या इंजिनात दीड लिटरची हवा गेली की पेट्रोलही तेवढंच घालता येतं. पाय हलका ठेवलात तर इंजिन एका लिटरचंच राहतं, म्हणून चाचणीत मायलेज छान दिसतं. पाय जड असेल तर काय होतं ते पंपावर कळतंच.

शिवाय आपल्याकडे सरकारनेही टर्बोला हात दिला. पेट्रोल गाडी चार मीटर आणि 1200 सीसीच्या आत बसली की कर कमी, हे धोरण जुनं आहे. आजच्या जीएसटीत तो फरक 18 आणि 40 टक्क्यांचा आहे. 2013 मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली तिचं इंजिन 1197 सीसीचं होतं, हा योगायोग नाही. 105 पीएस, 1500 पासूनच 175 एनएम, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि बनायची आपल्या चाकणला. स्कोडाने 2004 मध्येच दीडशे पीएसची टर्बो ऑक्टाव्हिया आरएस इथे विकायला काढली होती, पण ती मोजक्या लोकांच्या नशिबात. टर्बो पेट्रोलची गोडी मध्यमवर्गाला लावली ती पोलोने. पुण्यात अजूनही सिग्नलला शेजारी जीटी उभी राहिली की चालकाच्या चेहऱ्यावरून ओळखू येतं की हा इसम रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून) आलाय. त्यात नवल नाही. टर्बो गाडीत लॅपटॉप लावून बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवला की एका दुपारात पॉवर वाढते. एनएमध्ये तेवढीच वाढ हवी तर इंजिनाच्या भागांवरच काम करायचं, कॅम, हेडर्स, हेड, आणि एवढा खर्च करून हाती लागतात दहा-बारा पीएस.

मग एनएवाले, म्हणजे आम्ही, कशाला भांडतो?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी बोलायचंय. तुम्ही ज्या गाड्यांची नावं घेता त्या रस्त्यासाठी निरुपयोगी आहेत. गाड्या वाईट नाहीत, आपले रस्ते त्यांना पुरत नाहीत. होंडा एस 2000 चं दोन लिटरचं इंजिन नऊ हजारांपर्यंत फिरायचं आणि जपानी रूपात 250 पीएस द्यायचं. पण दुसऱ्या गिअरमध्येच ती गाडी शंभर ओलांडते. बीएमडब्ल्यूची व्ही-एट इंजिनवाली ई 92 एम थ्री 420 पीएस द्यायची 8300 ला. तिची दुसऱ्या गिअरची रेडलाइन, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा गाठतानाचा वेग, 110 च्या पुढे. आपल्या द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा 100, समृद्धीवर 120. म्हणजे ज्या आवाजासाठी जीव टाकायचा तो दीड गिअरमध्ये संपला, पुढे चलान. तिसऱ्या गिअरची रेडलाइन बघायची तर ट्रॅकवर जा, कोइम्बतूरला किंवा चेन्नईजवळ. रस्त्यावर ती बघणाऱ्याबद्दल मला काडीचंही कौतुक नाही.

आणि टर्बोवाल्यांनी हुरळून जाऊ नये. याच तर्काने साडेपाचशे एनएमची, टर्बोवाली एफ 80 एम थ्री तर आणखी निरुपयोगी. तो टॉर्क 1850 पासूनच हजर, त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी तीच गत, फक्त कमी आवाजात.

फेरारीची गोष्ट मला या सगळ्या वादात सर्वात बोलकी वाटते. 458 इटालिया: साडेचार लिटर, टर्बो नाही, 9000 ला 570 पीएस. 2015 मध्ये तिच्या जागी 488 आली: 3.9 लिटर, दोन टर्बो, 670 पीएस, 760 एनएम. आणि फेरारीच्या इंजिनीअरांनी काय केलं? तो 760 एनएम खालच्या गिअरमध्ये द्यायचाच नाही असं ठरवलं. पूर्ण टॉर्क मिळतो फक्त सातव्या गिअरमध्ये. खालच्या गिअरांत संगणक तो दाबून धरतो आणि आरपीएमबरोबर हळूहळू चढवत नेतो, म्हणजे चालवणाऱ्याला वाटावं की इंजिन वर जाईल तसं खुलतंय. जगातल्या सर्वोत्तम टर्बो इंजिनांपैकी एक बनवायचं आणि मग त्याला एनएसारखं वागायला शिकवायचं! टर्बोमुळे गाडी वेगवान झाली, पण पायाचं आणि इंजिनाचं नातं बिघडतंय, हे त्यांना कळलं होतं म्हणूनच हा उद्योग.

तेच नातं मला घाटात हवं असतं. माझ्याकडे पहिल्या पिढीतली जुनी सिटी व्हीटेक आहे, सेकंडहँड घेतलेली. दीड लिटर, 106 बीएचपी (जवळपास पीएसच), वजन जेमतेम टनभर. आजच्या हिशेबाने हा आकडा हसण्यासारखा आहे. तरी त्या काळात या गाडीने जे वेड लावलं ते आठवणारे इथे बरेच असतील. 2003 मध्ये होंडाने तिच्या जागी 77 बीएचपीच्या आय-डीएसआय इंजिनाची सिटी आणली तेव्हा झालेली चिडचिडही आठवत असेल.

व्हीटेकमध्ये कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) असतात, खालच्या आरपीएमसाठी सौम्य आणि वरच्यासाठी उंच. ठरावीक आरपीएम ओलांडला की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतात. सिटीत ही उडी व्हिडिओत दाखवतात तितकी नाटकी नाही. इंजिनाचा सूर घट्ट होतो आणि सुई अडखळायची थांबते, इतकंच. पण दुसऱ्या गिअरची रेडलाइन शंभरीच्या आसपास येते, म्हणजे वळणावळणाच्या घाटात पन्नास-साठने जातानाही तुम्ही इंजिनाच्या मधल्या आणि वरच्या भागात असता. सगळं इंजिन वापरून होतं, आणि मर्यादा मोडलेली नसते. नऊ हजारांच्या फेरारीला हे सुख पसरणीच्या घाटात मिळणार नाही, माझ्या पंचवीस वर्षं जुन्या सिटीला मिळतं.

वळणाच्या मध्यावर पाय थोडा, अगदी थोडा, दाबायचा असतो तेव्हा खरा फरक कळतो. एनएमध्ये जेवढा पाय तेवढाच जोर, आणि त्याच क्षणी. लहान टर्बोत पाय दाबला तर आधी काहीच होत नाही, बूस्ट भरतो, आणि मग मागितलं होतं त्यापेक्षा जास्त येतं, तेही वळण संपायच्या आत. कोरड्या रस्त्यावर चालून जातं. जुलैमध्ये ताम्हिणीत, धुकं आणि शेवाळ असताना, पुढचं आतलं चाक फिरतं आणि डॅशबोर्डवर ईएसपीचा (घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकायला लागतो. नव्या टर्बोंमध्ये हे बरंच कमी झालंय हे खरं. पण 1500 च्या खाली गाडी सापडली की तीन सिलिंडरचं एक लिटर इंजिन अजूनही मख्ख बसतं. हेअरपिन वळणाला दुसऱ्यातून पहिला टाकावा की नाही हा प्रश्न मला व्हीटेकमध्ये कधी पडत नाही, मेहुण्याच्या टर्बोत हमखास पडतो. उतारावरही तेच. पाय काढला की दीड लिटरचं इंजिन गाडीला जेवढं धरून ठेवतं तेवढं एक लिटरचं धरत नाही, ब्रेकवर जास्त जावं लागतं.

दुसरी तक्रार सुरक्षिततेची आहे. टर्बो गाडीत वेग कळत नाही. अडीच हजारांवर इंजिन शांत, टॉर्क सपाट, आणि खाली बघावं तर काटा 110 वर. जुन्या सिटीत 110 ला सगळ्या गाडीला माहीत असतं की 110 झालेत. काही कंपन्यांना हे इतकं जाणवलं की इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायची वेळ आली. बीएमडब्ल्यूने एफ 10 एम फाइव्हमध्ये ते केलं. मला तो प्रकार पाहून हसावं की रडावं कळत नाही.

आता एनएविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा, जो आम्ही लोक सोयीस्कर विसरतो: उंची. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा. जवळजवळ समुद्रसपाटीपासून साधारण 1350 मीटरवर जाता आणि हवा 12 टक्क्यांच्या आसपास विरळ होते. तेवढाच दम एनए इंजिनातून जातो, माझ्या 106 चे वर पोचेपर्यंत 93 झालेले असतात. लेहला, 3500 मीटरवर, 30 टक्के गेले. टर्बो मात्र थोडा जास्त फिरून तूट बरीचशी भरून काढतो. लडाखला जाऊन आलेला कोणीही मित्र एनएची बाजू घेत नाही आणि मी त्यांच्याशी वादही घालत नाही. उलट विदर्भातल्या मे महिन्यात, 45 अंशांत, बंपर टू बंपर रहदारीनंतर टर्बोचा इंटरकूलर तापून बसतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे ओढतं आणि गाडी थोडी मरगळते. उन्हाचा त्रास एनएलाही होतो, पण टर्बोइतका जाणवत नाही.

देखभालीचं थोडक्यात. टर्बोला योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलून हवं, त्यात काटकसर नको, आणि घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवलेलं बरं. जुन्या व्हीटेकला टायमिंग बेल्ट वेळेत बदला, व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघून घ्या. बाकी ते इंजिन मागत काही नाही. आमचा गॅरेजवाला म्हणतो, "दादा, इंजिन टकाटक राहील, बॉडी गंजून जाईल." बरोबर आहे त्याचं.

तर माझं मत. घरात एकच गाडी असेल, आईवडील मागे बसणार असतील, महिन्यातून दोनदा गावी जायचं असेल, तर टर्बो घ्या, मन लावून घ्या. उगाच "एनएची मजाच वेगळी" म्हणत मंद गाडी गळ्यात बांधून घेऊ नका, कारण आज शोरूममध्ये मिळणाऱ्या बहुतेक एनए गाड्या वर फिरतच नाहीत. तीन सिलिंडरचं 1.2, साडेपाच हजारांनंतर नुसता आवाज. त्यांत टर्बोचा जोरही नाही आणि व्हीटेकची ओढही नाही. सिटी हा त्यातला दुर्मीळ अपवाद, म्हणून वर उदाहरणाला तीच घेतली. परदेशातल्या मित्रांचं बरं आहे, त्यांना साडेसात हजारांपर्यंत फिरणारी माझदा एमएक्स 5 मिळते. आपल्याकडे तसली गाडी कोणी विकत नाही.

दुसरी गाडी ठेवायची ऐपत आणि हौस असेल तर मात्र जुनी, हलकी, वर फिरणारी एनए शोधा. पॉवर जितकी कमी तितकं बरं, सगळी वापरता येते. फक्त खर्चाची तयारी ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, वर हरित कर. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्कच दहा हजार झालंय. माझ्या सिटीची नोंदणी पुढच्या वर्षी संपतेय. बायकोने परवा विचारलं, "त्या गाडीची किंमत तरी तेवढी आहे का?" मी म्हटलं, टायर धरून आहे.