शून्य-सोळा ही योजना नव्हती

दर एप्रिलमध्ये, अमेरिकेत एनएफएलचा, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. आधी इंग्रजीत होता, आता मराठीतही आलाय. ज्यांनी आयुष्यात तो लंबगोल चेंडू पाहिलेला नाही, अशा ग्रुपांवर तो 'धंद्याचा धडा' म्हणून पडतो. मजकूर साधारण असा:

"क्लीव्हलँड ब्राउन्स २०१७ साली सोळाच्या सोळा सामने मुद्दाम हरले. मालकाने कोचला हरायचे पैसे दिले होते. कारण नियम असा, की जो तळाला जाईल त्याला पुढच्या वर्षी पहिली निवड. त्यातून बेकर मेफिल्ड मिळाला आणि दोन वर्षांत संघ प्लेऑफमध्ये. हरणं हा खर्च नाही, गुंतवणूक आहे."

मेफिल्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू; प्लेऑफ म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी. यातला नियम खरा आहे. कॉलेजातून येणारे खेळाडू निवडायची पहिली पाळी सर्वांत जास्त हरलेल्या संघाची. आपल्या आयपीएलसारखा लिलाव तिथे नसतो, रांग असते. सोळाच्या सोळा हरले हेही खरं. बाकीचं ओळीने बघू.

"मुद्दाम हरले."

कोण? मैदानावर उतरणारे? एनएफएलमधल्या बहुतेकांच्या कराराला पूर्ण हमी नसते. आज आहे, उद्या बॅग भरा. संघ तळाला गेला की पहिल्या पाळीत जो पोरगा येणार, तो यांच्यातल्याच कुणाच्या तरी जागेवर येणार. आपली जागा घ्यायला माणूस यावा म्हणून कोणी गुडघे आणि खांदे मोडून घेतं का?

जो थॉमसचं बघा. क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा राहणारा हा लाइनमन २००७ साली ब्राउन्सकडे आला आणि पहिल्या दिवसापासून एकही डाव (चेंडू एकदा खेळात आला की तो एक डाव) चुकवला नाही. एकही म्हणजे एकही. सलग १०,३६३ डाव. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसी टायटन्सविरुद्ध त्याच्या डाव्या हाताचा ट्रायसेप्स फाटला आणि तो बाहेर गेला, तो परत खेळलाच नाही. तो सामना ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि ब्राउन्स १२-९ असे हरले. संगनमताने हरणाऱ्या संघाला तीन गुणांनी, तेही जादा वेळेत हरायची हौस कशाला असेल?

डिसेंबरात ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये ब्राउन्स २१-७ असे पुढे होते. ओव्हरटाइममध्ये २७-२१ हरले. एकवीस वर्षांचा नवखा क्वार्टरबॅक डिशोन कायझर याने पकडलं जाता जाता चेंडू नुसता हवेत उडवला आणि तो समोरच्यांनी झेलला. त्या वर्षी त्याने असे २२ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त.

आणि शेवटचा सामना. ३१ डिसेंबर, पिट्सबर्ग. तिथे दुपारी एकला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. बाहेर फटाके वाजून थांबले, खालच्या मजल्यावरचं गाणं बंद झालं, नवीन वर्ष लागून दोन-अडीच तास झाले, आणि मी लॅपटॉपपुढे. स्टीलर्सनी प्लेऑफची जागा पक्की असल्यामुळे आपले बडे खेळाडू बसवून ठेवले होते. धावफलक २८-२४. चेंडू ब्राउन्सकडे, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, फोर्थ डाउन, म्हणजे चारांतली शेवटची संधी. कायझर अंगावर आलेल्यांना चुकवून बाजूला पळाला आणि पळता पळता त्याने कोरी कोलमनला फेक दिली. मोकळा होता तो. चेंडू थेट हातात. आणि हातातून निसटून खाली. कोलमन २०१६ च्या ड्राफ्टमधली याच संघाची पहिल्या फेरीतली निवड होती. मला त्याचा चेहरा आठवतो. नाटक करणाऱ्याचा नव्हता तो.

वरच्या ऑफिसातल्यांचं काय? त्यांच्याबद्दल मेसेजवाल्यांना अर्धे गुण देतो. २०१६ च्या सुरुवातीला ब्राउन्सचा कारभार साशी ब्राउन यांच्याकडे गेला. सोबतीला बेसबॉलमधून आलेले आकडेवारीवाले पॉल डीपोडेस्टा. त्यांनी अॅलेक्स मॅक, मिचेल श्वार्ट्झ यांच्यासारखे तयार खेळाडू जाऊ दिले, अदलाबदलीत इतर संघांच्या पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी घेऊन साठवल्या आणि संघ कोवळ्या पोरांच्या हवाली केला. दोन वर्षं खडतर जाणार हे त्यांना कळत होतं. घर पाडून बांधायला काढलं की काही दिवस भाड्याच्या खोलीत काढावे लागतात, इतपत ते ठीक. पण मुद्दाम हरायचं असतं तर ३१ ऑक्टोबर २०१७ ची ती फजिती झाली नसती.

तेव्हा संघ ०-८ (शून्य विजय, आठ पराभव) होता. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दुपारी चारला संपत होती. ब्राउन्सनी शेजारच्या सिनसिनाटी बेंगल्सकडून ए.जे. मॅकॅरन हा क्वार्टरबॅक घ्यायचं ठरवलं, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची निवड द्यायची. सौदा झाला. कागद वेळेत पोचले नाहीत. सौदा मोडला. आठ सामने हरल्यावर, हंगामाच्या मध्यावर, चांगल्या दोन निवडी मोजून क्वार्टरबॅक आणायला निघालेला संघ हरायला बसलेला नसतो. त्याला जिंकायचं असतं, जमत नसतं. डिसेंबरात साशी ब्राउन यांची नोकरी गेली. म्हणे मास्टरप्लॅन!

"मालकाने कोचला हरायचे पैसे दिले."

हे आलं २०२२ च्या फेब्रुवारीत. मायामी डॉल्फिन्सचे माजी कोच ब्रायन फ्लोरेस यांनी आपल्या मालकावर दर पराभवामागे एक लाख डॉलर देऊ केल्याचा आरोप केला, आणि पाठोपाठ ब्राउन्सचे माजी कोच ह्यू जॅक्सन यांनीही तसंच काहीसं सुचवलं. लीगने वकील मेरी जो व्हाइट यांच्या देखरेखीखाली चौकशी केली. मे महिन्यात निष्कर्ष आला: ब्राउन्सवरच्या आरोपाला पुरावा नाही. ज्या जॅक्सन यांचा विजय-पराजयाचा हिशोब दोन वर्षांत १-३१ झाला, त्यांना तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकावासा वाटणं समजू शकतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी आरोप वाचला, निकाल वाचला नाही, एवढंच.

"तळाला गेले म्हणून मेफिल्ड मिळाला."

हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे नुसती वजाबाकी लागते.

२०१७ मध्ये ब्राउन्सच्या वरचा, म्हणजे शेवटून दुसरा संघ होता न्यूयॉर्क जायंट्स. त्यांचा हिशोब ३-१३. म्हणजे ब्राउन्सनी दोन सामने जिंकले असते, टायटन्सचा आणि पॅकर्सचा म्हणा हवं तर, तरी २-१४ वर तेच तळाला राहिले असते, पहिली निवड त्यांचीच असती आणि मेफिल्डही मिळाला असता. शेवटच्या दोन पराभवांनी त्यांच्या पदरात काय पडलं? शून्य. नाव तेवढं इतिहासात गेलं, १९७६ चे टॅम्पा बे आणि २००८ चे डेट्रॉइट यांच्या पंगतीत. डेट्रॉइट लायन्सची गोष्टही तीच: २००८ ला तेही ०-१६, त्यांच्या वरचे २-१४. एक सामना जिंकूनही पहिली निवड त्यांचीच राहिली असती. निवडलेला मॅथ्यू स्टॅफर्ड बारा हंगाम तिथे खेळला, प्लेऑफमधला एकही सामना जिंकू शकला नाही, आणि लॉस एंजेलिसला गेल्यावर पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

आता २०१८ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सना आणखी कोण मिळालं ते बघा. चौथ्या क्रमांकावर डेन्झेल वॉर्ड: ही निवड ह्यूस्टन टेक्सन्सची, ती आधीच सौद्यात घेतलेली. ती इतकी वर आली कारण ह्यूस्टन २०१७ ला ४-१२ हरलं. म्हणजे पराभव कामाला आला, पण दुसऱ्याचा. पस्तिसाव्या क्रमांकावर निक चब, पुढची काही वर्षं संघाचा कणा. ही निवडही ह्यूस्टनचीच. ती मिळाली कारण ब्राउन्सनी ब्रॉक ऑस्वायलर नावाचं त्यांचं १.६ कोटी डॉलरचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं होतं. ती पैशाने आली, पराभवाने नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. माइल्स गॅरेट, जो २०२३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तो २०१६ च्या १-१५ मुळेच मिळाला. पण त्याच २०१७ च्या ड्राफ्टमध्ये तिसाव्या क्रमांकावर टी.जे. वॉट गेला, आणि तोही २०२१ चा सर्वोत्तम बचावपटू झाला. त्याला उचललं पिट्सबर्गने. त्याआधीच्या हंगामात ११-५ असं खेळलेल्या पिट्सबर्गने.

निवडीच्या क्रमांकापेक्षा निवडणाऱ्याची नजर मोठी, आणि ब्राउन्सचं घोडं तिथेच पेंड खात होतं. २०१६ ला दुसरी निवड हातात होती. ती फिलाडेल्फियाला दिली, त्यांनी कार्सन वेन्ट्झ घेतला. २०१७ ला बारावी निवड होती. ती ह्यूस्टनला दिली, त्यांनी डिशॉन वॉटसन घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्स नेला. तिघेही क्वार्टरबॅक. ब्राउन्सनी त्या वर्षी पहिल्या फेरीत तीनदा खेळाडू निवडले, त्यात क्वार्टरबॅक एकही नाही. मेफिल्डच्या वर्षी क्वार्टरबॅक लमार जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसावा गेला. पुढे तो दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

"दोन वर्षांत प्लेऑफमध्ये."

तीन. २०१८ ला ७-८-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा), २०१९ ला ६-१०, २०२० ला ११-५. तेवढ्यात चार कोच झाले: जॅक्सन, हंगामी ग्रेग विल्यम्स, फ्रेडी किचन्स, आणि शेवटी ज्यांच्या हाताखाली जमलं ते केविन स्टेफान्स्की. २०२० च्या आक्रमणाच्या भिंतीतले बहुतेक जण नवखे नव्हते. जॅक कॉनक्लिन आणि जे.सी. ट्रेटर बाजारातून पगार मोजून आणलेले, वायट टेलर अदलाबदलीतून, जोएल बिटोनियो २०१४ पासूनचा.

"हरणं हा खर्च नाही, गुंतवणूक आहे."

व्याज बघू. २०२२ मध्ये ब्राउन्सनी त्याच डिशॉन वॉटसनला, ज्याची निवड त्यांनी पाच वर्षांपूर्वी हातची घालवली होती, ह्यूस्टनकडून आणलं. पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, वर २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार केला. मेफिल्ड कॅरोलायनाला गेला. मग २०२३ ला वॉटसन जायबंदी झाल्यावर नोव्हेंबरात अडतीस वर्षांचा जो फ्लॅको घरून बोलावला, आणि तो त्यांना प्लेऑफपर्यंत घेऊन गेला. त्याच्यासाठी एकही निवड मोजावी लागली नाही.

"खर्च नाही" हे मालकापुरतं मात्र पटतं. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे बत्तीस संघांत सारखे वाटले जातात आणि खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धत तिथे नाही. बिल दुसऱ्यांनी भरलं. ६ जानेवारी २०१८ ला ते लोक ईरी तलावाकाठच्या स्टेडियमबाहेर जमले, हजारोंनी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. 'परफेक्ट सीझन परेड' असं नाव देऊन त्यांनी स्टेडियमला गोल फेरी मारली, जमिनीवर भलंमोठं शून्य काढल्यासारखी. गोळा झालेले पैसे शहरातल्या फूड बँकेला गेले. पुढचा विजय बघायला त्यांना सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं: जेट्सविरुद्ध २१-१७, आधीच्या विजयानंतर ६३५ दिवसांनी.