दूध फ्रिजमध्ये कोण ठेवणार?

'भूत बंगला' विनोदी सिनेमा आहे, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी उशीमागे होतो.

मी भित्रा आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भयपटांच्या वाटेला मी जातच नाही. पण मेहमूदचं नाव ऐकून फसलो. १९६५ सालचा कृष्णधवल सिनेमा, मेहमूदचं पहिलं दिग्दर्शन, नायिका तनुजा. शिवाय संगीत द्यायला आलेल्या पंचमलाही, म्हणजे आर. डी. बर्मनलाही, मेहमूदने कॅमेऱ्यासमोर उभं केलेलं. म्हटलं, एवढ्या गोतावळ्यात भुताला बसायला जागा कुठे मिळणार?

मिळाली. त्यापेक्षा जुनी गंभीर भुतं परवडली. 'महल' (१९४९) घ्या किंवा 'बीस साल बाद' (१९६२), लताबाईंचे सूर लागले की आपण मुकाट्याने पांघरूण डोक्यावरून घ्यायचं. आगाऊ वर्दी देऊन येणारी सभ्य मंडळी! विनोदी भुताटकीत ती सोय नाही. हसायला म्हणून तोंड उघडावं आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर काहीतरी हलावं. उघडलेलं तोंड मग किंकाळीच्या कामी येतं.

साडेबाराला सिनेमा संपला. बाबा आळस देत उठले आणि जाता जाता म्हणाले, "दूध ओट्यावरच आहे. फ्रिजमध्ये ठेव."

आमचा हॉल ते स्वयंपाकघर बोळ आहे अकरा पावलांचा. दिव्याचं बटण पलीकडच्या टोकाला. ज्या इलेक्ट्रिशियनने ते तिथे बसवलं, त्याच्या घरी बहुधा कोणी सिनेमे बघत नसावं. मोबाइलचा टॉर्च होता, पण टॉर्चने सावल्या पडतात आणि त्या हलतात. नको. त्यापेक्षा अंधार बरा, त्यात निदान काही दिसत नाही.

भीती वाटली की गाणं म्हणावं, असं आजी सांगायची. रामरक्षा म्हणावी असंही सांगायची, पण ती चौथ्या ओळीनंतर अडली. मग जे डोक्यात घोळत होतं तेच तोंडात आलं. मन्ना डेंचं 'आओ ट्विस्ट करें'. घशाला कोरड पडल्यामुळे माझा आवाज खर्जात लागला, तोही थरथरत. गुडघे मात्र अगदी तालात होते, त्यांना वेगळा ट्विस्ट शिकवावा लागला नाही.

आठव्या पावलावर समोर काहीतरी हललं. मी गाणं थांबवलं नाही, खरं तर थांबवता आलंच नाही.

पुढच्या क्षणी जी किंकाळी उठली, ती माझी नव्हती. पाठोपाठ एक चप्पल आली आणि ती मात्र माझीच झाली, कपाळावर.

आई अंधारात झुरळासाठी दबा धरून बसली होती. दिवा लावला की ती पळतात, असा तिचा सिद्धांत. "मेल्या, मध्यरात्री घोगऱ्या आवाजात गात येतोस? जीव गेला असता माझा!" तिचे हात कापत होते. झुरळ निघून गेलं होतं.

खोलीतून बाबांचा आवाज आला, "सांगितलं नव्हतं, विनोदी आहे म्हणून?"

त्यानंतर आई एकटी झोपायला जाईना, म्हणून मी तिला सोडायला गेलो. मग मी एकटा परत स्वयंपाकघरात जाईना.

सकाळी सगळ्यांनी कोरा चहा घेतला.