उद्या म्हणजे नेमकं कधी?

'उद्या पाणी येणार नाही.' अहो, उद्या म्हणजे कधी? मेसेज फिरत फिरत सिडकोत आईपर्यंत तीन दिवसांनी पोहोचतो आणि ती पहाटे उठून पिंप, हंडे, कळशा भरत बसते. गुडघे दुखतात तिचे! 'बुधवार, ५ जून २०२४, सकाळी ९ ते संध्याकाळी ६' एवढं टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

तीच गत ०५/०६ ची. पाच जून की सहा मे? अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, महिन्याचं नाव लिहा ना सरळ! लासलगावचा कांद्याचा भाव नुसता '१८००' टाकतात, पुढे रुपये नाही, क्विंटल नाही. आणि 'शुक्रवारी रात्री १२ पर्यंत फॉर्म भरा'! गुरुवार संपतानाचे १२ की शुक्रवार संपतानाचे? रात्री ११:५९ लिहा, प्लीज.